नव्या दोराची गाठ

दुपारी जेवून वैजयंती माजघरात चटईवर आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं स्वतःला बजावत. मागल्या दारी आई सुपात तांदूळ पाखडते आहे. सुपाचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. मग तो लांब जातो, आणि होडीच्या बुडाखालून पाणी सरकावं तसा ऐकू येऊ लागतो. आपण धड जागे नाही आणि धड झोपलेलोही नाही, हे तिला कळतं. डोळे उघडता येतील. पण उघडून बघायचं काय?

"वैजू, सर गो जरा. माका बसाक जागा कर."

ती न बघता सरकते. बाबा चटईच्या कडेला बसतात. भिकाजी तारी. जाऊन चार महिने झाले, तरी बसताना गुडघ्यावर हात देऊन 'हुश्श' म्हणायची सवय गेलेली नाही. त्यांच्या अंगावरून पाणी निथळतं आणि चटई काळी होत जाते.

"बाबा, तुमी ओले आसात."

"दर्यातसून इल्यार सुको कसो येतलंय? इतकी पुस्तका वाचलंस, ह्या कळना नाय तुका?"

ती हसते. स्वप्नात हसू लगेच येतं, त्याचं काही वाटत नाही.

तिला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. चार महिने ती गोष्ट तिनं कुणाजवळ काढलेली नाही. साखरेच्या आजारानं बाबांची बोटं बधिर झाली होती. गरी टोचली तरी कळत नसे. तरीही ते एकटेच छोटी होडी घेऊन दर्यातल्या खडपांजवळ जात, नांगर टाकून गरीनं मासे धरत. नांगराला नवा हिरवा नायलॉनचा दोर आणला, तेव्हा गाठ तिनं मारली. रविवार होता, अंगणात बसून मारली. लहानपणी त्यांनीच शिकवलेली गाठ: नांगराच्या कडीतून दोन फेरे आणि मग दोराच्याच अंगावर दोन विळखे. दोराच्या टोकाचे पेड सुटू नयेत म्हणून तिनं ते काडीनं जाळून बंदही केलं. कामाला शिस्त असावी, ही तिची आवड.

होडी खडपावर फुटलेली सापडली. बाबा दोन दिवसांनी. होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, दोर तसाच होता, नांगर मात्र नव्हता. लोक म्हणाले, दोर तुटला. वैजयंतीनं दोराचं टोक हातात धरून पाहिलं. जळून काळं झालेलं, बंद, शाबूत. दोर तुटला नव्हता. गाठ सुटली होती.

नंतर तिनं गाठींवरचं एक पुस्तक काढून वाचलं. काथ्याच्या दोराला दोन फेरे पुरतात, कारण काथ्या काथ्याला धरून राहतो. नवा नायलॉन गुळगुळीत असतो. त्याला तिसरा फेरा हवा, आणि मोकळं टोक बारीक सुतळीनं मूळ दोराला आवळून बांधायला हवं. पुस्तकात आकृती होती. ती तिनं इतक्या वेळा पाहिली की पुस्तक आपोआप तिथंच उघडायला लागलं.

ते विचारायला ती तोंड उघडते, आणि ती ग्रंथालयात उभी असते.

तिच्या कॉलेजचंच ग्रंथालय आहे, जिथं ती रोज ग्रंथपालाच्या टेबलाशी बसते. घोट्याएवढं पाणी आहे. मुलं टेबलांवर वाकून वाचताहेत, चपला पाण्यावर तरंगताहेत, कुणी वर बघत नाही. बाबा खांद्यावर हिरवा दोर टाकून कार्डांच्या जुन्या कपाटापाशी उभे आहेत. प्रत्येक खणाला पितळी कडी आहे. ते एका कडीतून दोर ओवतात आणि थांबतात. दुसऱ्याची पोरं ऐकत नाहीत म्हणून बघत राहावं, तसे स्वतःच्या बोटांकडे बघत राहतात.

"कशी ती गाठ? माका आठवना नाय."

"बाबा, तुमीच शिकयल्यात माका."

"शिकवलंय म्हणान काय जाला? आता तू शिकय."

ती दोर घेते. तिसरा फेरा हवा, तिला माहीत आहे. एक फेरा देते, दुसरा देते, आणि हात आपणहून विळखे घालायला वळतात. ती ओढून बघते. खण उघडतो, गाठ सरकते, कार्डं पाण्यात पडतात. शाई विरघळत जाते. ती दुसरी कडी धरते. एक फेरा. दोन. हात पुन्हा वळतात. दुसरा खण उघडतो. बाबा शेजारी कमरेवर हात ठेवून उभे असतात, बाजारात कुणी मासे निवडताना बघावं तसे, घाई न करता.

"ऱ्हवांदे," ते म्हणतात. "सगळा कपाट रिकामा करतलंस तू."

"बाबा, त्या दिवशी नांगर टाकूच्या आधी तुमी गाठ बघल्यात नाय?"

ते खाली वाकून एक कार्ड उचलतात, कोरं झालेलं, ते झटकतात आणि जपून खिशात ठेवतात.

"कोणाची गाठ?"

"माझी."

"तुझी गाठ," ते म्हणतात. "ती काय बघूची?"

आवाजात राग नाही, दुःख नाही. सुरमई ताजी आहे का, असं गिऱ्हाईकानं विचारल्यावर ते ज्या सुरात उत्तर देत, तोच सूर. वैजयंतीला वाटतं, त्यांनी तिला शिव्या घालाव्यात. एकच घालावी.

पाणी आता खरं खारं आहे, आणि ते दोघं होडीत समोरासमोर बसले आहेत. ऊन आहे, वारा नाही. कपाट नाही, कडी नाही, नांगरही नाही. दोराचं एक टोक बाबांच्या हातात आहे.

"बांधूक कायच नाय हंय," ते इकडेतिकडे बघून म्हणतात. "हात दी."

ती डावा हात पुढं करते. बाबा तिच्या मनगटावरून दोर फिरवतात. एक फेरा, दुसरा, तिसरा. त्यांची बोटं आता चालताहेत, झरझर, पूर्वी चालत तशी. विळखे घालतात, मोकळं टोक मागं दुमडतात, दातात धरलेली बारीक सुतळी काढून ते टोक आवळतात. ती डोळे ताणून बघते. हे तिनं अंगणात बघायला हवं होतं.

"दुखता?"

"दुखता."

"मगे बरोबर बसली. वढ बघया."

ती ओढते. गाठ हलत नाही. उलट अधिकच आवळते. बाबा मान हलवतात आणि दोराचं दुसरं टोक मुठीत धरून होडीच्या काठावरून एक पाय बाहेर टाकतात, अंगणात उतरावं इतक्या सहज.

"बाबा, थांबा."

"मी खय जातंय? दोर तुझ्याकडेच आसा मा."

पाण्याचा आवाजही होत नाही. दोर काठावरून सरसर खाली जाऊ लागतो, आणि मग थांबतो. वैजयंती दोन्ही हातांनी दोर ओढायला लागते. तो येतो. जड नाही, अडत नाही, नुसता येतच राहतो, होडी हिरव्या वेटोळ्यांनी भरते, तिचे पाय बुडतात, मांड्या बुडतात, तरी तो येतोय. शेवटी टोक हातात येतं. जळून काळं झालेलं. बंद. शाबूत.

"वैजू, उठ गो. चाय थंड जाता."

छप्पर. पंखा. चटई कोरडी आहे. आई उशाशी उभी आहे, पदरावर तांदळाचा कोंडा. वैजयंती उठून बसते आणि कप घ्यायला डावा हात पुढं करते. आई कप देत नाही. ती मनगटाकडे बघते.

"ह्ये कसले वळ?"

कातडीवर पीळ उमटला आहे. दोराचा एकेक पेड वेगळा दिसावा इतका खोल. चटईचा नव्हे, बांगडीचा नव्हे. बांगड्या ती घालतच नाही. झोपेत हात दाबला गेला, असं सांगायला ती तोंड उघडते.

"आई," ती म्हणते, "नांगराची गाठ माझी होती."

आई कप खाली ठेवते. तिच्याजवळ बसते.

"म्हायत आसा माका."

"तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? वरीसभर ह्येंच्या शर्टाची बटणा मी लायत होतंय. त्ये हात गाठ खयसून मारतले?"

मागल्या दारी कावळा सुपाशी येऊन तांदूळ टिपतो. आई त्याला हाकलायला उठत नाही.

"चार म्हयने तू बोललंस नाय," वैजयंती म्हणते.

"बोलान ह्ये परत येतले होते?"

आई माफ केलं म्हणत नाही, आणि केलं नाही असंही म्हणत नाही. उठते, फडताळातली तेलाची वाटी घेऊन येते, मुलीचा हात मांडीवर ओढून घेते. तेलात बुडवलेलं बोट वळांवरून फिरवते. तेल जिरतं. तीन आडवे वळ तसेच राहतात, आणि त्यांच्याखाली एक बारीक, सुतळीएवढा.

"तेलान जाऊचे नाय हे," आई म्हणते, आणि चोळत राहते.