आमच्या राजाचे दात

"आ कर बघू."

शेजारच्या खोलीतली ती बाई दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावायच्या कामाला होती. पण जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत कुणीही भेटलं तरी तिचं पहिलं वाक्य हेच. पोरं आ करायची, म्हातारे कवळी काढून दाखवायचे. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पण आमच्या राजानेही आ केला, तेव्हा माझ्या पोटात दुखलं.

राजा माझा कुत्रा. बोट दुधात बुडवून मी त्याला वाढवला. मी तोंडाला हात लावला की गुरगुरणारा हा प्राणी तिच्यापुढे जबडा उघडून बसला.

"अगं, दाढांवर किटण चढलंय. म्हणून वास मारतो. हाड चघळायला देत जा."

"देते की. रविवारच्या मटणातलं."

"शिजवलेलं? वेडी आहेस का? त्याच्या काड्या होतात, घशात रुततात. कच्चं दे."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सगळ्यात जाड नळीचं कच्चं हाड आणलं. राजा खूश. तेवढ्यात ती आली, त्याच्या तोंडातून हाड काढलं आणि अंगठ्याचं नख दाबून पाहिलं.

"दगड आहे हा. दात तुटेल त्याचा. थोडं तरी नख रुतेल असं घ्यावं."

राजाने हू की चू केलं नाही. मला त्याने कधी पावाचा तुकडा काढू दिला नव्हता.

मग ती स्वतःच खाटकाकडे निघाली. जन्माची शाकाहारी, पदर नाकाला लावून उभी. "मानेचं दाखवा. नको, एवढंसं तो गिळेल."

खाटीक हसला. "बाई, तुम्ही खात नाही, मग एवढी पारख कशाला?"

"खाणारा घरी वाट बघतोय ना!"

घरी? कुणाच्या घरी? मी मागेच उभी होते.

राजा चघळत असेपर्यंत ती आमच्या ओट्यावर बसून राहायची. तिच्या खोलीत तिच्यावाचून कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी जळायचं ते जळायचंच.

पुढे तिला चारकोपला घर मिळालं. सुटले, असं मला वाटलं. पण राजा तिच्या कुलूपबंद दारापुढे पडून राहिला, अन्नाला तोंड लावेना. शेवटी रिक्षा करून मीच त्याला तिच्याकडे घेऊन गेले. तो तिच्या अंगावर असा झेपावला की ती मटकन खालीच बसली. मग मांडीवर डोकं टाकून पडला. निघायची वेळ झाली तरी उठेना.

"आजचा दिवस राहू दे का गं याला?" तिने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

त्याला उचलून तिने रिक्षात ठेवला. "जा रे, आई थांबलीय तुझी," म्हणाली आणि मागे न बघता आत जाऊन दार लावून घेतलं.

रिक्षा सुटली. राजा मान बाहेर काढून त्या दाराकडे बघत होता. साखळी मी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.