अर्धलीची मेंढरं

फोन आला तेव्हा हरणाबाई कृष्णाकाठच्या एका तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवत होती. मेंढरं रात्रभर रानात बसली की रानाला खत मिळतं आणि धनगराला जोंधळा. दिवाळी सरली की आटपाडीकडचे कळप असे खाली उतरतात, ते तिच्या आजेसासऱ्याच्या आधीपासून.

पलीकडून सून मंगल ओरडत होती, "आत्या, मेंढराच्या योजनेत तुमचं नाव लागलंय!"

हरणाबाई बांधावर टेकली. मागच्या पावसाळ्यात रोगाने तिचा कळप धुऊन नेला होता. उरलेली थोडी घेऊन ती दिराच्या, नानासोच्या, कळपामागे चालायची. सरकारच्या वीस मेंढ्या आल्या की पुन्हा स्वतःचा कळप, स्वतःचा तळ.

"पर परवा साहेब पाहणीला येणार हायत. तुमी आन् तुमची मेंढरं गावात पायजेत."

चालत जायचं तर आठवडा. टेम्पोत कोंबावीत तर निम्म्या मेंढ्या गाभण.

नानासो तंबाखू मळत म्हणाला, "बागायतदाराकडं सरकार बांधावर येतंय, वैनी. ठिबकचं अनुदान, तळ्याचं अनुदान. आपण कुठं हाय ह्ये सरकारला ठावंच न्हाई."

"आपल्याला तरी कुठं ठावं असतंय, भावजी, उद्या कुठं असू ते?"

तोड मंगलनेच काढली. शेजाऱ्याची मेंढरं अंगणात उभी करायची. हरणाबाईने एसटीने यायचं आणि फोटोपुरतं त्यांच्यात उभं राहायचं. "सगळीच करत्यात, आत्या."

हरणाबाई कराडच्या स्टँडवर गेलीसुद्धा. विट्याची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवला आणि तिला सासू आठवली. दुसऱ्याच्या मेंढराला आपलं म्हणू नये, आपल्यातलं मरतं, असं ती सांगायची. मरण्याजोगं आता उरलंच किती होतं! मागून कुणीतरी म्हणालं, "चढा की, मावशे." ती बाजूला झाली.

"चुकली व्हय गाडी?" तळावर नानासोने विचारलं.

"न्हाई. सोडली. आत्याबाईंचं बोलणं आठवलं."

"देवाला भिऊन सरकार घालवलं की, वैनी!" तो हसला. तिला हसू आलं नाही.

यादीत पुढचं नाव भावकीतल्या जयराजचं होतं. गावात त्याचं किराणा दुकान. पाहणीच्या दिवशी तो हजर होता. त्याच्या अंगणात कुणाची मेंढरं उभी होती हे कुणी विचारलं नाही आणि वीस मेंढ्या त्याला मिळाल्या. पावसाळ्यात हरणाबाई गावी परतली, पण त्याच्या दुकानातून तिने मीठसुद्धा आणलं नाही.

एके दिवशी तोच दारात आला.

"काकी, दुकान बगू का मेंढरं? लय कावलोय. चारायला न्या अर्धलीनं. कोकरं निम्मी तुमची, निम्मी माजी."

ती त्याच्या मेंढरांच्या वाड्यात जाऊन आली. एका जागी बांधून मेंढ्यांची खुरं वाढली होती. कानात सरकारी पिवळे बिल्ले.

"माज्या नावाची मेंढरं मलाच अर्धलीनं व्हय रं?"

जयराजने मान खाली घातली. "पाहणीला तुमी न्हवता, काकी."

"न्हवते. मेंढरामागं हुते."

नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती वाढलेली खुरं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"नर तुजं, मादी माजी," ती शेवटी म्हणाली. "व्हय म्हण, न्हाईतर साखरंसंगं तागडीत घालून इक."

जयराजला हिशेब पटला. नर बाजारात विकले की पैसे लगेच हातात. मादीने कळप वाढतो. त्याला कळप नकोच होता.

दिवाळीनंतर कळप पुन्हा खाली निघाला. वाटेत विट्याच्या अलीकडे, रस्त्याकडेलाच, बिल्ल्याची पहिली मेंढी व्याली. हरणाबाईने ओलं कोकरू पदरात घेऊन पुसलं.

"काय झालं, वैनी?" नानासोने पुढून हाक दिली.

"मादी हाय," ती म्हणाली, आणि उगाच पुन्हा एकदा बघितलं.