कंडोम निसटला त्या शुक्रवारी

सुदेश कुडाळजवळच्या एका वाडीतला. आयटीआयला फिटरचं काम शिकला आणि विशी ओलांडताच कुवेतला आला. लग्नाआधीची सगळी वर्षं त्याने मंगफ भागातल्या कंपनीच्या खोलीत, इतर बॅचलरांच्या संगतीत काढली. त्या खोलीत बायकांच्या गोष्टी पुष्कळ चालत, पण सगळ्या चेष्टेवारी. कुणाचं लग्न ठरलं की त्याला आठवडाभर चिडवायचं आणि विमानतळावर सोडून यायचं, एवढंच. मनातलं खरं काही विचारलं तर हसं होणार, म्हणून कुणी विचारत नसे. सुदेशही काही न विचारताच लग्न करून आला.

पुढे त्याला बढती मिळाली, फॅमिली व्हिसा झाला आणि विनिता आली. स्वराचा जन्म इथलाच. त्या बाळंतपणात विनिताचं ब्लडप्रेशर एवढं चढलं की वेळेआधीच सिझेरियन करावं लागलं. ऑपरेशनच्या दाराबाहेर उभं राहून सुदेशने वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर सही केली. दुसऱ्या मुलाची घाई नको, आधी प्रेशर ताब्यात येऊ दे, असं नंतर डॉक्टरांनी बजावलं. नेहमीच्या गोळ्या तिला चालणार नव्हत्या. तेव्हापासून दोघं कंडोम वापरू लागली.

तो विकत घेणं मात्र सुदेशला जड जाई. घराखालच्या औषधांच्या दुकानात महबूब बसायचा. दोघं सुट्टीला एका मैदानात क्रिकेट खेळत. त्याच्यासमोर पाकीट कसं ठेवायचं? म्हणून सुदेश लांबच्या एका मोठ्या दुकानात जाई, हाताला लागेल ते उचली आणि पाकिटावर काय लिहिलंय हे न वाचताच बाहेर पडे.

त्या शुक्रवारी दुपारी स्वरा शेजारच्या हफिजाकडे तिच्या मुलींबरोबर खेळायला गेली होती. प्लांटवर आठवडाभर जादा ड्युटी करून सुदेश थकलेला. सगळं आटोपल्यावर तो बाजूला न होता तसाच पडून राहिला. त्याचा डोळाही लागला असावा. थोड्या वेळाने दूर झाला तेव्हा लक्षात आलं, अंगावर कंडोम नव्हता.

त्याचा चेहरा पाहून विनिताने विचारलं, "काय झाला?"

"तो निसाटलो," सुदेश म्हणाला. "आतच रवलो."

ती रडेल किंवा चिडेल, असं त्याला वाटलं होतं. ती उठून बाथरूममध्ये गेली, हात धुतले, उकिडवी बसली आणि बोटांनी कडेची रिंग धरून तो सावकाश बाहेर काढला. फाटला नव्हता, पण आतलं सांडलं होतं. बाहेरून साध्या पाण्याने धुऊन ती परत येऊन पलंगावर बसली.

सुदेश म्हणाला की आज सुट्टीचा दिवस, दोन दिवस वाट बघू, नाहीतर तोच कुठून तरी गोळी घेऊन येईल.

"माझा बीपी माका म्हायत आसा," विनिता म्हणाली. "विचारल्याशिवाय मी काय घेवचंय नाय. डॉक्टराकडे जावया. आजच."

हवल्लीतल्या एका क्लिनिकमध्ये शुक्रवारी संध्याकाळीही डॉक्टर सुमेधा बसत. त्या पुण्याच्या, विनिताची तपासणी त्यांच्याकडेच चाले. गाडी चालवताना सुदेशच्या डोळ्यांपुढे तेच ऑपरेशनचं दार येत होतं. एकदा त्याला सांगावंसं वाटलं की चूक माझीच. पण विनिता खिडकीबाहेर बघत होती, आणि तेवढ्यात क्लिनिक आलं.

डॉक्टरांनी आधी तिचं प्रेशर मोजलं. लगेच आलात हे चांगलं केलंत, म्हणाल्या, कारण अशा वेळी जितकी लवकर गोळी घ्यावी तितका तिचा उपयोग जास्त. तांबी पाच दिवसांच्या आत बसवली तर तीही चालते, हे त्यांनी समजावलं. विनिताला पाळीत आधीच अंगावरून फार जाई आणि तांबीने ते वाढू शकतं, म्हणून तिने गोळी निवडली. तिच्या प्रेशरला धोका नाही अशीच गोळी डॉक्टरांनी दिली. पाळी आठवडाभर पुढे गेली तर टेस्ट करायची.

मग त्या सुदेशकडे वळल्या. "नेमकं काय झालं, ते मला सांगा."

सुदेशने खाली बघत, अडखळत सांगितलं. पाकीट कुठलं, हेही सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांच्या लक्षात आलं की तो मोठ्या मापाचा कंडोम आणत होता.

"सैल असला की तो घसरतोच," त्या म्हणाल्या. "साध्या मापाचा घ्या. टोक चिमटीत धरून पार मुळापर्यंत उलगडायचा. आतून-बाहेरून तेल-बिल काही लावायचं नाही. आणि झाल्यावर पडून राहायचं नाही. ताठपणा आहे तोवरच, मुळाशी रिंग बोटांनी घट्ट धरून बाहेर यायचं. मध्येच सरकतोय असं वाटलं तर थांबा, नवा लावा. दोघांनीही लक्ष ठेवा."

इतकं साधं असेल असं सुदेशला वाटलं नव्हतं. एवढ्या वर्षांत हे कुणी सरळ सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

पुढचे दिवस लांबले. विनिता रोजची कामं करत होती, स्वराचा अभ्यास घेत होती. ड्युटीवरून आला की सुदेश तिच्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची, अजून नाही. एका संध्याकाळी मात्र कणीक मळता मळता ती म्हणाली, "माका त्यावेळी मराची भीती वाटलेली. तुमका सांगूक नाय." सुदेश तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या बाळंतपणाबद्दल दोघं पहिल्यांदाच बोलली, पोळ्या होईपर्यंत.

पाळी थोडी उशिराने, पण आली.

त्यानंतर सुदेश महबूबच्या दुकानात गेला आणि साध्या मापाचं पाकीट मागितलं. महबूबने ते दिलं आणि या शुक्रवारी खेळायला येणार का, एवढंच विचारलं.

पावसाळ्याआधी प्लांटवरचा, सुदेशच्या हाताखालचा प्रीतम लग्नासाठी गावी निघाला. सगळे त्याला चिडवत होते. सुदेशने त्याला चहाला घरी बोलावलं. विनिता आणि स्वरा खाली बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात गेल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याने जसंच्या तसं सांगितलं, आपलं काय झालं तेही. प्रीतम आधी हसला. मग खुर्ची पुढे ओढून एकेक विचारू लागला. शेवटी म्हणाला, "पण दादा, पोर आता होया की मागसून, ह्या बायलेक इचारूचा कसा? लाज वाटतली."

"वाटतली," सुदेश म्हणाला. "तरी इचार. तिच्या मनात काय आसा ता तीच सांगतली."