पुन्हा पंधरा ऑगस्ट

साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशींची दोन्ही मुलं पलटणीत होती. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की तारवाला तर नाही ना, म्हणून त्या बोलता बोलता थांबायच्या. पंचेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला लढाई संपल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी गल्लीभर गूळ वाटला. त्याच आठवड्यात तार आली. थोरला ब्रह्मदेशात कामी आला होता.

सत्तेचाळीसला नेमक्या त्याच तारखेला स्वातंत्र्य आलं. धाकटा तेव्हा पंजाबात, दंगलीच्या बंदोबस्तावर. मी मावशींच्या दाराला झेंडा लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"नगं गं बाई. तारवाल्याला घर लगीच दिसंल."

मी झेंडा खाली घेतला. मलाही भीती वाटायला लागली होती.

दिवाळीत धाकटा सुखरूप आला. मावशींनी दारातच त्याचा चेहरा चाचपला आणि विचारलं, "परत कवा जायाचं?"