ऐनवेळ आत्याचे केस

आमच्या आत्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट वेळेआधी केली नाही. पाहुण्यांनी फाटकाची कडी काढली की ती स्टोव्हला पंप मारायला बसायची. गणपती पाटावर बसला की मखराला कागद चिकटवायची. मॅट्रिकच्या पेपरला जाताना तिने म्हणे सायकलच्या कॅरिअरवर बसल्या बसल्या पेनात शाई भरली होती आणि अर्धी शाई सायकल चालवणाऱ्याच्या सदऱ्यावर सांडली होती. तो सदरा माझ्या बाबांचा. आत्या त्यांची धाकटी बहीण. त्यांनीच मग तिचं नाव 'ऐनवेळ' ठेवलं आणि प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत तेच रूढ झालं. सुशीला हे तिचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं. कुणी घाई केली की तिचं एकच उत्तर, "टाइमावर पाहून घेऊ." आणि राग याचाच यायचा की ती खरोखरच पाहून घ्यायची.

तिची दुसरी ओळख म्हणजे तिचे केस. काळेभोर, दाट, थेट गुडघ्याला टेकणारे. रविवारी न्हाणं झालं की ती अंगणात बाजेवर पालथी पडायची आणि केस बाजेखाली सोडून वाळवायची. येणारी-जाणारी बाई फाटकाशी थबकायचीच. लोक कौतुक करत, पण आत्याला त्याचं काही वाटत नसे. मला म्हणायची, "हे केस नाहीत वं, घरातलं जनावर आहे. याले आंघोळ घाला, तेल पाजा, अन् वरून लोकाईले दाखवा." त्या मेंदी घातलेल्या तेलाचा वास आमच्या घरातल्या उशांना, पडद्यांना, माझ्या शाळेच्या दप्तरालाही येई.

दाखवा, ही गोष्ट मात्र खरी होती. आत्या सावळी होती, फटकळ होती, आणि लग्नाच्या बाजारात दोन्ही गोष्टी महागात पडत. स्थळं येत, पोहे खात आणि 'कळवतो' म्हणून जात. बाबा अगदी काकुळतीला येऊन म्हणत, "केस पाहा हं तिचे!" मग कुणीतरी बाई उठायची, वेणी सोडायला सांगायची, केस ओढून खरे-खोटे पाहायची. पाहुणे गेले की आत्या पुन्हा वेणी घालत बसे. एकदाच ती मला म्हणाली होती, "बैलाचे दात पाहतात न बाजारात, तसं आहे हे." मी तेव्हा हसले होते. ती हसली नव्हती.

मी सांगतेय त्या वर्षी मी पाचवीत होते. यवतमाळचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. फोटो पाहून मुलाच्या आईचा निरोप आला की केस फार पसंत पडले, प्रत्यक्ष पाहायला येतो. बाबांनी देवापुढे साखर ठेवली. "हे जमलंच पाहिजे, सुशे," ते म्हणाले, "याच्यापुढं माह्यात दम नाही." पाहुणे येणार होते पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, पोरांचा तान्हा पोळा झाला की लगेच दुसऱ्या दिवशी.

आणि माझं सगळं चित्त त्या तान्ह्या पोळ्यात. संध्याकाळी मैदानावर पोरं लाकडी नंदी सजवून आणत, आणि त्यांच्या वेशभूषेला बक्षीस असे. दरवर्षीचे तेच ते शेतकरी आणि तेच ते कृष्ण. त्या वर्षी धरमपेठेतल्या एका दुकानात व्हिडिओ गेमचं कपाटाएवढं यंत्र आलं होतं. त्यातल्या एका खेळात पडक्या बंगल्याच्या जिन्यावरून एक भूत उतरायचं. त्याला तोंड नाही, हात नाहीत, नुसते जमिनीपर्यंत केस. आपण कंदील दाखवून त्याला परत वर पाठवायचं. आम्ही त्या भुताचं नाव केसाळी ठेवलं होतं. आत्या मला तिथे घेऊन गेली तेव्हा केसाळी दोन पायऱ्या उतरली मात्र, आत्या किंचाळून दुकानाबाहेर! मी तेव्हाच ठरवलं, यंदा आपण केसाळी व्हायचं. पंधरा दिवस मी आत्याच्या मागे लागले होते. पंधरा दिवस तिचं उत्तर ठरलेलं.

अखेर तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ती उठली आणि कामाला लागली. गोणपाटाचा झगा शिवला, विहिरीवरचा जुना काथ्याचा दोर उकलून त्याच्या बटा केल्या, बाबांच्या काळ्या शाईची अख्खी बाटली त्यावर ओतली. मी तो अंगात घातला आणि आरशात पाहून स्वतःच दचकले. भादव्याची दमट हवा, शाई काही वाळेना. म्हणून आत्याने केसाळीला कुंपणावर टांगलं आणि जेवायला बसली.

आता हे नागपूरकराला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा. मोठी मिरवणूक जुन्या गावात, पण गल्लोगल्लीची पोरंही गोणपाटाचे, चिंध्यांचे ओंगळ पुतळे करतात. त्यांना बडगे म्हणायचं. ते ओरडत मिरवायचे आणि शेवटी जाळायचे, म्हणजे घरादारातली रोगराई, पीडा त्यांच्याबरोबर जाते. घरोघरी लोक जुने खराटे, फुटक्या टोपल्याही पोरांना देतात. आम्ही जेवत असताना पोरांनी फाटकातून हाक दिली, "काकू, जाळायचं काही आहे काय?" आत्याने तोंडातल्या घासासकट उत्तर दिलं, "कुंपणापाशी आहे, न्या न गा!" तिने तिथे दोन झिजलेले खराटे ठेवले होते. पोरांनी खराटे नेले आणि त्यांच्यावर टांगलेला तो सुंदर बडगाही नेला. जाताना गजर केला, "घेऊन जा गे मारबत!" मीही घरातून त्यांच्या सुरात सूर मिसळून ओरडले.

हे लक्षात आलं तेव्हा दुपार कलली होती. आम्ही दोघी मैदानाच्या टोकाला धावलो. राखेत काथ्याची दोन टोकं तेवढी धुमसत होती. मी तिथेच फतकल मारून भोकाड पसरलं.

"काहून रडून राहिली वं?" आत्या म्हणाली. "अजून टाइम आहे न."

घरी आलो. आई-बाबा मैदानावरच्या तयारीला आधीच गेले होते. आत्याने सगळं घर पालथं घातलं. गोणपाट नाही, दोर नाही, शाईची बाटली रिकामी. आईचा एक काळा परकर तेवढा मिळाला. माझं हुंदके देणं चालूच. ती आरशापुढे जरा वेळ उभी राहिली. मग आईची शिवणाची कात्री घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून करकर असा आवाज आला. एका दमात नाही, थांबून थांबून आला, कारण एवढी जाड वेणी एका झटक्यात कापली जात नाही.

ती बाहेर आली तेव्हा वेणी तिच्या हातात होती.

मी वेणीकडे पाहिलं, तिच्या मानेकडे पाहिलं आणि रडायचंच विसरले.  घरातलं माणूसच कुणी कापून आणावं तसं मला झालं.

"आत्या, उद्या पाहुणे..."

"टाइमावर पाहून घेऊ," ती म्हणाली. पण नेहमीसारखी नाही म्हणाली. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "किती हलकं वाटते वं," ती पुटपुटली, आणि सुईत दोरा ओवायला बसली.

मैदानात मी ज्या चालीने शिरले ती यंत्रावरून घोकलेली होती. एक पाऊल, थांबायचं, एक पाऊल. डोक्यावरून पायापर्यंत खरे केस, आत काळा परकर. आधी एक पोरगं नंदी टाकून पळालं. मग कृष्ण पळाला. परीक्षक काका खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. आई प्रसादाचं ताट घेऊन समोरून येत होती. तिने मला ओळखलं नाही. पण केस ओळखले. तेलाचा वास आला असेल. तिच्या हातातलं ताट खाली पडलं, आणि तिने मान वळवून गर्दीत आत्याला शोधलं. आत्या डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आत्याने कधीच डोक्यावर पदर घेतला नव्हता. बाबांनी जवळ जाऊन तो पदर हळूच मागे सारला. बक्षीस मला मिळालं. ते कुणी दिलं, मला आठवत नाही.

घरी बाबा ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "सुशे, काहून केलं असं?"

"पोरगी रडत होती."

"तेवढ्यासाठी?"

"नाही," आत्या म्हणाली. "मलेही नको होते."

बाबा उठून आत गेले. पाहुण्यांचं काय करायचं ते सुचलं आईला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने परकराची शिवण उसवून केस काढले, विंचरले, मुळाशी दोऱ्याने घट्ट बांधून त्यांचं गंगावन केलं आणि आत्याच्या उरलेल्या केसांत आकड्यांनी असं बसवलं की देवालाही कळू नये. म्हाताऱ्या बायका अंबाड्यासाठी बाजारातून विकतचं गंगावन आणतात. स्वतःच्याच केसांचं गंगावन लावलेली बाई मी तेवढी एकच पाहिली. आत्या मुकाट बसून होती. तिचं असं मुकाट बसणं मला केस कापण्यापेक्षाही भयंकर वाटलं.

पाहुणे आले. मुलगा गरीब गायीसारखा, नजर पोह्यांच्या बशीत. त्याची आई मात्र आल्यापासून वेणीकडेच बघत होती. नाव विचारलं नाही, काय आवडतं विचारलं नाही. चहा व्हायच्या आधीच उठली. "खरे आहेत न? नाही, पाहून घेतलेलं बरं," असं म्हणत तिने हात पुढे केला.

आईने डोळे मिटले.  आणि तो हात पोचायच्या आत आत्याने स्वतःच मानेमागे हात नेला, आकडे ओढले आणि सबंध वेणी काढून त्या बाईच्या हातात ठेवली.

"घ्या. एकदम खरे आहेत," ती म्हणाली. "तुमाले केसच पसंत आहेत न? मंग हेच घेऊन जा."

त्या बाईच्या हातात वेणी लोंबत होती आणि तोंड उघडं राहिलं होतं.  माझ्या कानावर नुसते 'घेऊन जा' एवढेच शब्द आले, आणि कालपासून जिभेवर बसलेला गजर माझ्या तोंडून मोठ्याने निघाला, "घेऊन जा गे मारबत!"

मुलाला ठसका लागला. त्याच्या आईने वेणी सापासारखी फेकली. दोन मिनिटांत फाटकाची कडी वाजली आणि यवतमाळ आमच्या आयुष्यातून गेलं. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून हसू लागली. हसता हसता रडली. मी तिच्या कमरेला मिठी मारून उभी राहिले. ती वेणी तिने संध्याकाळी स्वतः चुलीत घातली. बडगा घरात ठेवू नये म्हणतात.

बाबांनी त्यानंतर आत्यासाठी स्थळ पाहिलं नाही. त्या दिवसाबद्दल ते तिच्याशी कधी बोललेही नाहीत. राग होता, लाज होती, की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. दोघं एका घरात राहत, भाजी-दुधाचं बोलत, आणि मधली ती गोष्ट तशीच पडून असे. आत्याने आमच्या ओसरीवर बालवाडी काढली. पोरांना तिचा फार लळा. तान्ह्या पोळ्याला अर्ध्या गल्लीच्या वेशभूषा तीच करायची, अर्थातच पोरं मैदानाकडे निघाल्यावर. केस तिने पुन्हा मानेखाली येऊ दिले नाहीत. लोक तोंडावर हसत, पाठीमागे बोलत. तिला वाईट वाटे. मला ते दिसे. पण केस वाढवावेत असं तिला कधी वाटलं नाही.

मग मी मोठी झाले, आणि एक दिवस त्याच खोलीत, तशाच पोह्यांच्या बश्यांपुढे मी बसले. माझे केस कमरेपर्यंत होते. मुलाकडच्या एक मावशी हसून म्हणाल्या, "वेणी जरा सोड न बाई, पाहू दे."

माझा हात सवयीने मागे गेला. तेवढ्यात बाबांचा आवाज आला. तोपर्यंत ते थकले होते, फार बोलत नसत.

"राहू दे, बाळ," ते मला म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "केस दाखवायची पद्धत नाही आमच्या घरी. पोरीशी बोलायचं असंल तं बोला."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत्या चौकटीला धरून उभी होती. मानेवर आखूड, आता अर्धे पांढरे झालेले केस. एवढ्या वर्षांत मी तिला बाबांकडे असं सरळ पाहताना पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती.

"दादा," ती पाहुण्यांसमोरच म्हणाली, "टाइमावर बोलला गा तू."

बाबांनी मान खाली घातली. घसा खाकरला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"चहा आण आधी, ऐनवेळ," ते म्हणाले.

चहा तिने अजून ठेवलाच नव्हता.