बिडी, बिडी!

गवत कापायला निघालेले अण्णा पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, हा माणूस चंद्रावर चाललाय. गमबूट, जाड पँट, कानांवर मफ आणि डोळ्यांवर पाणबुड्याला शोभेल असा गॉगल. बनशंकरीतले हे माझे घरमालक. घराणं मराठी, पण इथे इतक्या पिढ्या मुरलेलं की मराठीतून कन्नडमध्ये कधी शिरले ते त्यांनाही कळायचं नाही. मी पुण्याची, अर्धं समजायचं, अर्ध्याला मान डोलवायचे.

परसातलं गवत गुडघ्याला लागलं तेव्हा मी हौसेने पेट्रोलवरचं, लोखंडी पात्याचं मशीन आणलं. अण्णांनी ते एकदा उचललं आणि मला घेऊन थेट दुकान गाठलं. "हे रान तोडायचं, अम्मा. आपल्याला दोरीचं पुरे." तिथे प्रत्येक मशीन खांद्याला अडकवून त्यांनी मला दहा-दहा मिनिटं उभं केलं. ज्याने हात भरून येत नाही ते घ्यायचं, हा त्यांचा निकष. शेवटी नायलॉनच्या दोरीचं, हलकं, बॅटरीवरचं घेतलं. तोवर गिऱ्हाइकं मलाच विकायला ठेवलेली समजू लागली होती.

मग नियम. आधी खडे वेचायचे. दोरी अडकली तर बॅटरी काढल्याशिवाय हात लावायचा नाही. मशीन चालू असताना पंधरा पावलांच्या आत कुणी यायचं नाही, घरमालकानेसुद्धा; तिथे त्यांनी चुन्याची रेषच आखली. आणि मधोमध संपिगे होती, म्हणजे सोनचाफ्याचं झाड, अण्णांच्या बायकोने, अक्कांनी, वारण्याआधी लावलेलं, अजून एकदाही न फुललेलं. बायकोच्या या झाडाभोवती फक्त विळा चालवायचा, असं त्यांनी मला तीनदा बजावलं.

मी रंगात आले आणि नेमकं तेच विसरले. रेषेवरून अण्णा ओरडू लागले. मफमधून एवढंच ऐकू आलं, "बिडी! बिडी!" म्हाताऱ्याला तलफ आली, आणि तीही माझ्याकडे बघून! "मी ओढत नाही, अण्णा," मी मशीन चालू ठेवूनच कळवलं.

कन्नडमध्ये 'बिडी' म्हणजे 'सोडा', हे चाफ्याची साल अर्ध्या बाजूने सोलल्यावर कळलं. मला रडूच फुटलं. अण्णा धावत आले, आधी माझे पाय पाहिले आणि म्हणाले, "तुला लागलं नाही ना?" मग सालीवर शेणमाती लिंपता लिंपता हसत सुटले. "अक्काने माझी बिडी सोडवली. आणि तिच्याच झाडापायी मी बिडी मागता झालो की."

पुढे अण्णा म्हैसूरला मुलीकडे राहायला गेले. गॉगल माझ्यासाठी ठेवून गेले. परवा वरच्या मजल्यावरचा नागपूरचा नवा भाडेकरू गवत कापत चाफ्याकडे सरकला. माझ्या तोंडून निघून गेलं, "बिडी! बिडी!" त्याने मशीन बंद केलं, अण्णांचा गॉगल कपाळावर चढवला आणि अदबीने म्हणाला, "सोडली ना ताई, कधीचीच."

मी लगेच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. खोकला येईपर्यंत ते हसले. मग हळूच विचारलं, "संपिगे?" मी फोन फुलांजवळ नेला. अण्णांनी पडद्याला नाक टेकवून एकेक फूल मोजलं.

"सरी, ठीक," शेवटी म्हणाले, "आता पंधरा पावलं लांब हो, त्याला मशीन चालू करू दे."