विहिणीचा पाय

जाधववाडीच्या मंडईत दगडाबाईच्या तोंडी लागायची हिंमत अडतेसुद्धा करत नसत. कुणी मेथीची जुडी उलटीपालटी करून वर भाव पाडायला लागलं, की ती जुडी हातातून काढून घ्यायची आणि म्हणायची, "जा, पुढं जा. तिथं सडकी स्वस्त हाये." हर्सूल तळ्याच्या मागच्या अंगाला तिचा आणि नवऱ्याचा, पुंजारामचा, जमिनीचा तुकडा होता. त्यात मेथी, कोथिंबीर, पालक. पेरायचं, खुडायचं, जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घेऊन रिक्षात चढायचं, सगळं तिच्याकडं. पुंजारामकडं विहिरीची मोटार चालू-बंद करायचं खातं होतं. एकदा एका हवालदारानं तिची पाटी बुटानं सरकवली, तर तिनं सगळ्या बाजारासमोर त्याला वाकून ती उचलायला लावली होती. मंडईत अजून ही गोष्ट सांगतात.

अशी ही बाई एकाच ठिकाणी मूग गिळून बसायची, ते म्हणजे लेकीच्या सासरी. सोनिया, तिची धाकटी, जळगाव रोडच्या एका तालेवार घरात दिलेली. जावई कृष्णा वाळूजला कंपनीत. त्याचा थोरला भाऊ विश्वजीत हाडांचा डॉक्टर, स्वतःचा दवाखाना असलेला, आणि सोनिया त्याच दवाखान्यात काउंटरवर केसपेपर करायला बसायची. सोयरीक जुळली तेव्हाच पुंजारामनं बायकोला बजावलं होतं, "आपण मुलीकडचे हाओत. तिथं तुझी मंडई नको." आणि हवालदाराला न भिणाऱ्या दगडाबाईनं ते निमूटपणे मानलं. व्याह्यांच्या ओट्यावर पाय ठेवला की तिचा पदर कपाळापर्यंत यायचा आणि तोंडातून फक्त "व्हय" निघायचं. मुलगी देताना आईनं आपली जीभही सोबत द्यावी असं कुठल्या कायद्यात लिहिलंय, देव जाणे. पण आपल्याकडं एवढा कडक पाळला जाणारा दुसरा कायदा नाही.

थंडीत एका सकाळी मंडईतच कोबीच्या पाल्यावरून तिचा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. घरचाच डॉक्टर असताना दुसरीकडं न्यायचा प्रश्नच नव्हता. विश्वजीतनं त्याच दिवशी ऑपरेशन केलं, हाडात सळई घातली, आणि एक पैसा घेतला नाही. एवढं श्रेय त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. पुंजारामनं तर ते इतक्या जणांच्या कानावर घातलं, की पायापेक्षा फुकटाचीच चर्चा जास्त झाली.

खरा घोळ सुरू झाला तो टाके काढल्यानंतर. बाकीच्या पेशंटांना तारीख मिळायची. ते यायचे, बाकड्यावर बसायचे, त्यांच्या हाडाचा एक्स-रे फोटो काढला जायचा, डॉक्टर पाय दाबून, वाकवून, उचलून बघायचे. दगडाबाईला तारीख मिळाली नाही. "मामी, तुम्ही कशाला लोकांत बसता? मीच घरी येत जाईन की," विश्वजीत म्हणाला. केवढा मान! पुंजारामची छाती फुगली.

तो आलाही, कृष्णासोबत, दोनदा. खुर्चीवर बसला, चहा घेतला, पिकापाण्याचं विचारलं. दगडाबाई पलंगावर बसलेली, पदर कपाळावर, लुगडं अंगठ्यापर्यंत ओढलेलं. लेकीचा थोरला दीर! त्याच्यासमोर नडगी उघडी टाकायची म्हणजे काय? आणि तोही घरंदाज माणूस, विहिणीच्या पायाकडं निरखून कसा बघणार? त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत विचारलं, "दुखतं का, मामी?" ती म्हणाली, "थोडं." जीव जात होता, पण व्याह्यांच्या माणसाला तक्रार कशी सांगायची? "वय झालं, वेळ लागणारच. चालत राहा," तो म्हणाला आणि उठला. दोघंही अगदी रीतीनं वागले. त्या रीतीखाली पाय तसाच सुजलेला राहिला.

मग अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालणं आलं, आणि जावयासोबत त्याचा भाऊ येणं आलं. गावभर विचारा, मोडक्या पायाच्या बाईनं चुलीपुढं उभं राहावं का म्हणून. पण विहिणीनं विकतचे धोंडे वाढले असं कुणी म्हटलं तर? दगडाबाईनं सकाळपासून पुरण वाटलं, धोंडे वळले, एका हातानं ओट्याला धरून ते तळले. पायातून अशी कळ यायची की तिनं पदराचा बोळा दातात धरला होता. विश्वजीत जेवला, मागून दोन धोंडे घेतले, हात धुताना हसून म्हणाला, "बघा मामी, उभ्या राहायला लागलात ना? चालल्यानंच हाड जुळतं." ती म्हणाली, "व्हय, डॉक्टरसाहेब."

ते गेल्यावर ती स्वयंपाकघरातच जमिनीवर बसली ती उठेना. पुंजाराम म्हणाला, "तू मनातच घेतलंय. डॉक्टर सांगतो चांगलं हाये, आन् तू म्हणती नाय. तू काय त्याच्यापेक्षा शिकेल हायेस का?" अर्धं आयुष्य ज्या बाईच्या कष्टावर बसून खाल्लं, तिच्या दुखण्याला हा माणूस ढोंग म्हणत होता. तिकडं वाफ्यात मेथी फुलावर आली होती, लावलेल्या रोजगारी बाया मुळासकट उपटून जुड्या बांधत होत्या, आणि दगडाबाईला बांधापर्यंतही जाता येत नव्हतं. आपण आता कायमचं बसलो, हा विचार तिला रात्रंदिवस कुरतडायचा.

शेजारची पारूबाई रोज डोकावायची. मधल्या भिंतीवरून दोघींच्या गप्पा कित्येक वर्षांच्या होत्या. पारूबाईचा खांदा मागल्या साली निखळला होता आणि सिडकोतल्या डॉक्टर करुणाबाईंनी तो नीट केला होता. "दगडाबाई, एकदा दुसऱ्याला दाखव," ती म्हणाली. "नुसतं विचारून येऊ. विचारायला काय जातंय?"

काय जातंय ते घरात विषय काढल्यावर कळलं. पुंजाराम ताटावरून उठला. "फुकट ऑपरेशन केलं त्या माणसानं, आन् तू दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या कामात खोट काढणार? व्याह्यांचं नाक कापायचं ठरवलं का?" फोनवर सोनियाचा आवाज तर रडवेलाच झाला. "आई, भाऊजींना कळलं तर सगळं घर माझ्याकडं बघंल. तुला काय, तू बोलून मोकळी होशील. मला त्या घरात राहायचंय गं."

नवऱ्याचं बोलणं दगडाबाईनं कोपऱ्यातल्या केराएवढंही मनावर घेतलं नव्हतं. लेकीच्या बोलण्यानं मात्र ती अडली. आपल्या पायापायी पोरीच्या संसारात खडा पडू नये. तिनं पारूबाईला नको म्हणून सांगितलं आणि आणखी काही दिवस भिंत धरून सरकत काढले. एका सकाळी मोरीपर्यंत जाता जाता पाय खालून वळला आणि ती दारातच कोसळली. पुंजाराम मोटारीकडं गेलेला. पारूबाईनं धावत येऊन उचललं, आणि या वेळी विचारलंच नाही. तिला रिक्षात घातलं आणि रिक्षावाल्याला सिडको म्हणून सांगितलं.

डॉक्टर करुणाबाई चाळिशीतल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी फाईल मागितली. दगडाबाईनं पारूबाईकडं पाहिलं.

"फाईल नाय, बाई. आम्ही घरचे हाओत तिथले."

"कुठली तारीख दिली होती?"

"तारीख नाय."

"मग तपासलं कधी?"

"घरी यायचे ना. चहाला."

करुणाबाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं. टेबलावर या. लुगडं गुडघ्याच्या वर घ्या." दगडाबाईचा हात सवयीनं अडखळला, मग तिनं घेतलं. डॉक्टरीणबाईंनी नडगीवरून अंगठा फिरवत आणला आणि एका जागी दाबला. दगडाबाईच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"इथं याआधी कुणी दाबून पाहिलं होतं?"

"नाय."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाय, बाई. लुगड्यावरूनसुद्धा नाय."

फोटो निघाला. करुणाबाईंनी तो उजेडासमोर धरून दोघींनाही दाखवला. सळई जिथल्या तिथं होती. हाडाची दोन टोकं मात्र एकमेकांना भेटलीच नव्हती, मधे काळी फट उभी होती, आणि खालचा एक स्क्रू तुटून तिरपा झाला होता. "ऑपरेशन चांगलं केलंय हो," त्या म्हणाल्या. "त्यात मी खोट काढणार नाही. पण नंतर कुणी बघितलंच नाही. वेळेवर एक फोटो काढला असता तर तेव्हाच कळलं असतं. न जुळलेल्या हाडावर तुम्ही इतके दिवस चालत होतात. दुसरं ऑपरेशन लागेल. होईल बरं, वाफ्यातही जाल. पण आणखी उशीर केला तर मी हा शब्द देणार नाही."

"तुम्ही कराल?"

"करीन. त्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते. त्यांना कळायला पाहिजे."

रिक्षात बसल्यावर पारूबाईला वाटलं, ही आता रडेल. दगडाबाई रडली नाही.  जो माणूस केसपेपर काढतो, बाकड्यावर बसतो, त्याचा पाय दाबून पाहिला जातो. परक्या माणसाला तारीख मिळते. आणि घरच्या माणसाला मिळतो चहा, मान, आणि "चालत राहा." आणि ती तरी काय करत होती? धोंडे तळत होती! पदराचा बोळा दातात धरून! तिला स्वतःचाही असा संताप आला की तिनं काठी रिक्षाच्या पत्र्यावर आपटली. रिक्षावाला दचकून म्हणाला, "क्या हुआ, खाला?"

"कुछ नाय. जळगाव रोडला घे," दगडाबाई म्हणाली. "हर्सूलला नको."

"आगं, आधी घरी चल. सोनियाचं काय?" पारूबाई म्हणाली.

"सोनियालाच भेटायचं हाये."

विश्वजीतच्या दवाखान्यात बाकडी भरलेली होती. काउंटरमागं सोनियानं मान वर केली आणि आईला काठीवर उभी पाहून तिचा चेहराच उतरला. "आई? तू इथं कशी? चल, आतल्या खोलीत बस, मी भाऊजींना सांगते."

"आतल्या खोलीत नाय." दगडाबाईनं पाकिटातून फोटो काढून काउंटरवर ठेवला. "हाड जुळलंच नाय, सोनिया. स्क्रू तुटलाय. दुसऱ्या डॉक्टरीणबाईनं दाखवलं. ऑपरेशन मी तिकडंच करणार. आता मपला केसपेपर काढ. फी घे आन् नंबर दे."

"आई, हळू बोल ना," सोनिया पुटपुटली.

"लई दिवस हळूच बोलले, बाई."

बाकड्यावरची माणसं बघत होती. सोनियानं फोटो उचलला. रोज कितीतरी फोटो तिच्या हाताखालून जायचे, फट कशी दिसते ते तिला शिकवायची गरज नव्हती. ती बराच वेळ त्या काळ्या रेघेकडं बघत राहिली. ज्या पायावर उभं राहून आईनं तिच्या नवऱ्याला धोंडे वाढले होते, तो हा पाय. तिनं डोळे पुसले, कोरा पेपर ओढला, आणि आईचं नाव लिहिलं. फी घेतली. "बस बाकड्यावर. आवाज देते," ती म्हणाली.

नंबर आल्यावर दगडाबाई पारूबाईला धरून आत गेली. विश्वजीत खुर्चीतून अर्धा उठला. "मामी? अहो, निरोप द्यायचा, मी आलो असतो!" आणि दाराकडं बघून जरा चढ्या आवाजात, "सोनिया, मामींना बाहेर का बसवलं?"

दगडाबाईनं दाराकडं पाहिलं. पायाचं काय व्हायचं ते होवो, पण पोरगी आता काय म्हणते? सोनिया दारात येऊन उभी राहिली.  "पेशंट आहेत, भाऊजी. नंबरानं आल्यात."

तिनं फोटो आणि दगडाबाईनं चिठ्ठी विश्वजीतपुढं ठेवली. त्यानं चिठ्ठी वाचली, कपाळाला हात लावला आणि घाईनं फोटो उजेडाकडं नेला.

"फोटो नंतर पाहा, डॉक्टरसाहेब," दगडाबाई म्हणाली. पारूबाईचा खांदा धरून ती टेबलावर चढली, डोक्यावरचा पदर मागं टाकला आणि लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. "आधी पाय पाहा. एकदा तरी पाहा."

तो जवळ आला. त्याचे हात गार होते. त्यानं नडगीवरून अंगठा खाली आणला, दुखऱ्या जागी थांबला, आणि दाबलं. दगडाबाईनं दात आवळले नाहीत, पदर तोंडात धरला नाही. लेकीच्या सासरच्या माणसासमोर ती जन्मात पहिल्यांदा मोकळा गळा काढून ओरडली, बाहेरची सगळी बाकडी चिडीचूप झाली, आणि काउंटरवर सोनियानं पुढचा नंबर पुकारला नाही.